झटका मशीन चालू असूनही शेळ्या तारेतून निघून जातात, ते का?

प्रश्न थोडक्यात असा: मुरमाड जमिनीत एक एकरावर शेवरी, सुबाभूळ आणि दशरथ घास आहे. ३० उस्मानाबादी शेळ्या आहेत. रानडुकरांसाठी लावतात तशा १, २ आणि ३ फुटांवर तीन तारा ओढून सोलर झटका मशीन (तारेत थांबून थांबून विजेचे ठोके सोडणारं) जोडलं. पावसाळ्यात शेळ्या आत राहिल्या, पण फेब्रुवारीपासून खुशाल तारेतून निघून जातात. दुकानदार म्हणतो, दुप्पट ताकदीचं मशीन घ्या. घ्यावं का?

घेऊ नका. पावसाळ्यात काम करणारं मशीन फेब्रुवारीत खराब झालेलं नाही. बदलली आहे ती जमीन. त्याच पैशात अर्थिंग सुधारा, खाली दोन तारा वाढवा आणि शेळ्यांना तार नीट शिकवा.

आधी झटका बसतो कसा ते पाहू. मशीनला दोन टोकं असतात, एक तारेला आणि एक जमिनीत गाडलेल्या रॉडला. शेळीचं नाक तारेला लागलं की करंट नाकातून अंगात, अंगातून खुरांत, खुरांतून जमिनीत आणि जमिनीतून रॉडपर्यंत परत जातो. हा फेरा पूर्ण झाला तरच झटका. शेळीचं खूर म्हणजे कोरडं शिंग. त्याखाली मार्च महिन्यातला वाळलेला मुरूम आला की करंटला वाटच उरत नाही. टेस्टर ८,००० व्होल्ट दाखवतो आणि शेळीला मात्र नुसती गुदगुली होते. काळ्या जमिनीतही हे होतं. वरचा थर वाळून भेगा पडल्या की खालची ओल उपयोगाला येत नाही. कोकणात जांभ्याच्या कातळावर तर रॉड खाली जातच नाही.

यावर उपाय म्हणजे परतीची वाट जमिनीवर सोडायची नाही, ती तारेनेच द्यायची. एक तार करंटची, तिच्याशेजारची अर्थची, पुन्हा एक करंटची. शेळी दोन तारांच्या मधून डोकं घालते तेव्हा तिचं नाक किंवा मान एका तारेला आणि छाती किंवा पाय दुसऱ्या तारेला लागतो. फेरा तिथल्या तिथे पूर्ण होतो, जमीन कितीही कोरडी असो.

शेळ्यांसाठी पाच तारा लागतात. जमिनीपासून उंची अशी ठेवा: ६ इंच (करंट), १२ इंच (अर्थ), १८ इंच (करंट), २७ इंच (अर्थ), ४० इंच (करंट). डुकरासाठी लावलेली १ फुटावरची पहिली तार शेळीला उपयोगाची नाही, कारण शेळी उडी मारण्याआधी नेहमी खालून किंवा मधून जायला बघते. गुडघे टेकून ती १ फुटाखालून सहज सरकते, आणि करडं तर मान न वाकवताही जातात. पाचही तारा इन्सुलेटरवरच (करंट खांबात उतरू न देणारे तुकडे) घ्या, अर्थच्या तारासुद्धा. म्हणजे ऋतूप्रमाणे जोडणी बदलता येते: ऑक्टोबर ते मे वर सांगितल्याप्रमाणे, आणि भर पावसात जमीन ओली असताना हव्या त्या तारा करंटवर.

अगदीच लहान करडं असतील, साधारण महिन्याच्या आतली, तर ती या कुंपणात धरू नका. ती निसटतात, आणि आई ओरडत त्यांच्यामागे तार तोडून जाते. ती मोठी होईपर्यंत गोठ्यातच बरी. त्याच कारणाने दूध तोडलेली करडं आणि त्यांच्या आया यांच्यामध्ये फक्त झटक्याची तार ठेवू नका. माजावर आलेला बोकड आणि पाटी (तरुण मादी) यांच्यामध्येही नको. अशा वेळी जनावर झटका सोसूनही जातं, आणि एकदा गेलेलं जनावर पुढे सारखं जातं.

आता सामानाचा हिशोब. तुमचं एक एकर १३२ × ३३० फूट धरलं तर घेर ९२४ फूट, म्हणजे सुमारे २८२ मीटर. पाच तारांना १,४१० मीटर. १४ गेजची (२ मि.मी.) जीआय तार (जस्ताचा थर दिलेली लोखंडी) किलोला साधारण ४० मीटर बसते, म्हणजे ३५ किलो, जोड आणि वाया जाणं धरून ४० किलो घ्या. बाजारात क्लच वायर म्हणून मिळणारी पिळाची बारीक तारही इतक्या लांबीला चालते आणि ओढायला सोपी जाते. मात्र जस्ताचा थर नीट बघून घ्या, हलकी तार दुसऱ्या पावसाळ्यात गंजते आणि जोडाजोडावर करंट गळतो. काटेरी तारेला करंट कधीही जोडू नका. शेळी किंवा माणूस अडकला तर सुटू शकत नाही.

चारही कोपऱ्यांना आणि फाटकाच्या दोन बाजूंना ४० × ४० × ५ मि.मी. अँगलचे ६ फुटी खांब, २ फूट जमिनीत, काँक्रीटमध्ये, आणि आतल्या अंगाने तिरका टेका. ताण सगळा इथेच येतो. इथे काटकसर केली की महिन्याभरात खालची तार पोट सोडते आणि ६ इंचाची १० इंच होते. मधले खांब दर १५ फुटांवर, म्हणजे साधारण ६०. मध्ये फायबरचा रॉड मिळाला तर उत्तम. लोखंडी अँगलवर एखादा इन्सुलेटर फुटला की तार थेट लोखंडाला टेकते आणि सगळं कुंपण बसतं. बांबू सुकलेला असेपर्यंत ठीक, पण भिजला की गळती सुरू.

इन्सुलेटर ३५० घ्या. ठिबकच्या नळीचे तुकडे, सायकलची ट्यूब, सलाईनची नळी असले जुगाड सगळीकडे दिसतात. ते पहिल्या उन्हाळ्यापुरतेच असतात. काळ्या नळीत काजळी असते, ऊन-पावसाने ती चिरते, आत चिखल साचतो, आणि दिवसा ठणठणीत असलेलं कुंपण पहाटेच्या दवात मरतं. बांधावरच्या लिंबाला किंवा बाभळीला खिळा ठोकून तार नेणं हाही तसाच प्रकार.

तार ओढताना खांबाची जागा बघा. बांधाच्या पायथ्याशी कुंपण घातलं तर शेळी बांधावर चढून तिथून उडी घेते. ४० इंचाची उंची तिच्यासाठी २० इंच होते. कुंपण बांधाच्या माथ्यावर घ्या किंवा बांधापासून निदान ५ फूट आत. सुबाभळीची ओळही तारेपासून तेवढीच लांब हवी. शेळी मागच्या पायांवर उभी राहून फांदी ओढते तेव्हा तोल जाऊन तारेवर पडते. तार पिळून जोडण्यापेक्षा लाइन क्लॅम्प (दोन तारा बोल्टने आवळणारी पकड) वापरा. पिळलेला जोड आतून गंजतो.

फाटकाखालून करंट पलीकडे न्यायला घरातली वायर चालत नाही. तिचं आवरण फार तर १,१०० व्होल्टचं, आणि आपल्या तारेवर ७-८ हजार. कुंपणासाठी मिळणारी दुहेरी आवरणाची एचटी (जास्त व्होल्टेज सोसणारी) केबल घ्या, ती पाइपमधून १ फूट खोल न्या आणि पाइपची दोन्ही तोंडं खाली वळवा म्हणजे पाणी शिरणार नाही. फाटकाच्या तारेला करंट अडकवायच्या बाजूने मिळेल अशी जोडणी करा. मग हँडल काढलं की हातातली तार मेलेली असते.

अर्थिंगवर मी सगळ्यात जास्त भर देतो, कारण ते जमिनीत असतं आणि डोळ्यांना दिसत नाही. मशीनसोबत येणारी दीड-दोन फुटी खुंटी पुरेशी नाही. जस्ताचा थर दिलेले ६ फुटी तीन रॉड किंवा १ इंची जीआय पाइप घ्या, एकमेकांपासून १० फुटांवर पूर्ण ठोका आणि तिन्ही एकाच अखंड जीआय तारेने, क्लॅम्प लावून जोडा. तांब्याची तार वापरू नका. तांबं आणि जस्त ओलाव्यात एकत्र आले की जस्त खाल्लं जातं आणि वर्षभरात जोड सुटतो. जागा निवडताना ओल शोधा: पाण्याच्या हौदाची सांड, गोठा धुतलेलं पाणी जिथे मुरतं ती जागा, नारळाचं आळं. गोठा कुंपणापासून लांब असला तरी हरकत नाही, रॉडपासून मशीनपर्यंत तार नेता येते. महावितरणच्या किंवा मोटारीच्या अर्थिंगपासून मात्र निदान ३३ फूट लांब राहा. मुरमात रॉड जात नसेल तर खड्डा खणून भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा. कोळसा-मीठ भरायची पद्धत आहे, पण मीठ रॉडच खातं आणि दर दोन-तीन वर्षांनी काम पुन्हा करावं लागतं.

अर्थिंग पुरेसं आहे का हे मोजता येतं, अंदाज करायची गरज नाही. या चाचणीपुरत्या कुंपणावरच्या अर्थच्या तारा मशीनपासून सोडवा, रॉडची तार तशीच राहू द्या. मशीन बंद करा. मशीनपासून ३००-३५० फुटांवर जाऊन लोखंडी पहारी, सळया ओल्या जमिनीत रोवून करंटच्या तारेला टेकवा. मशीन चालू करून तिथे व्होल्टेज मोजा. २,००० च्या खाली येईपर्यंत सळया वाढवा, दर वेळी मशीन बंद करूनच. आता मशीनजवळ या. टेस्टरची एक खुंटी शेवटच्या अर्थ रॉडपासून ३ फुटांवर जमिनीत खोचा, दुसरं टोक रॉडला लावा. २०० व्होल्टपर्यंत आलं तर अर्थिंग चांगलं. ३०० च्या वर गेलं तर आणखी एक रॉड ठोका आणि पुन्हा मोजा. ही चाचणी मे महिन्यात करा. जुलैत सगळीच अर्थिंग उत्तम दिसतात.

यासाठी आकडे दाखवणारा डिजिटल टेस्टर लागतो. फक्त लाल दिवा लागणारा टेस्टर २,००० ला लागतो तसाच ८,००० लाही लागतो. शेळीसाठी मशीनपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यावर, पहाटे दव असताना, किमान ४,००० व्होल्ट हवेत. दख्खनी मेंढ्यांना लोकरीमुळे झटका उशिरा पोचतो, त्यांच्यासाठी ५,००० धरा आणि लोकर कातरल्यावरच त्यांना तारेची ओळख करून द्या.

मशीनबद्दल थोडंच. पाटीवरचे "१२ केव्ही" आणि "२० एकर" हे शब्द सोडा, आउटपुट ज्यूल, म्हणजे एका ठोक्यातली ऊर्जा, किती ते विचारा. तुमच्या ८५० मीटर करंटच्या तारेला १ ज्यूल भरपूर आहे. याहून मोठं मशीन अर्थिंगची उणीव भरून काढत नाही. ठोका ऐका: साधारण सेकंदाला एक टिक. सेकंदाच्या आत दोन ठोके पडत असतील किंवा सतत गुणगुण येत असेल तर ते मशीन लगेच बंद करा, ते माणसाला धोक्याचं आहे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे दोन ठोक्यांत किमान एक सेकंदाचं अंतर आणि एका ठोक्यात ५ ज्यूलपेक्षा कमी ऊर्जा असावी लागते. झटका असह्य असूनही जीवघेणा का नसतो, तर ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो, आणि मधल्या सेकंदात स्नायू मोकळे होऊन हात सुटतो.

घरातली २३० व्होल्टची लाइन तारेला जोडली तर हे घडत नाही. स्नायू आवळतात, हात सुटत नाही, हृदय बंद पडतं. विदर्भात वाघ आणि महाराष्ट्रभर शेतकरी, त्यांची मुलं, शेजारी अशा तारांनी गेले आहेत. माणूस गेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो, वन्यप्राणी गेला तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, आणि वीज कायदा २००३ वेगळाच. "रात्रीपुरती", "एकच तार", "बल्ब मध्ये लावून" यातलं काहीही सुरक्षित नाही. कुणी सुचवलं तर तिथेच थांबवा.

बॅटरीचा हिशोब मशीनच्या पाटीवरून करा. सरासरी २०० मिलिॲम्पियर घेत असेल तर दिवसाला सुमारे ५ ॲम्पियर-तास. जुलैत पाच दिवस ऊन नसेल तर २५. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे ५० ॲम्पियर-तासांची हवी. सोबत येणारी ७ ची बॅटरी म्हणूनच पावसाळ्यात टिकत नाही. ४० वॅटचं पॅनेल, तोंड दक्षिणेला, तिरपेपणा १८-२० अंश, आणि उन्हाळ्यात दर आठवड्याला धूळ पुसणं. मशीनच्या डब्यात मुंग्या घर करतात आणि पाली शिरतात, वायरीच्या भोकाला सील लावा.

आता शेळ्यांची शिकवणी, जी जवळजवळ कुणी करत नाही. ही तार बळाने अडवत नाही, ती शेळीच्या डोक्यात असते. पहिला झटका कुठे बसला यावर पुढचं सगळं ठरतं. नाकाला बसला तर शेळी मागे उडते. कानामागे, मानेला किंवा पाठीला बसला तर ती पुढे उसळते, म्हणजे थेट तारेपलीकडे. आणि तिला कळतं की एक धक्का सोसला की बाहेर चारा आहे. धावत, घाबरलेल्या कळपाला नव्या कुंपणात सोडलं की नेमकं हेच होतं.

म्हणून जाळीच्या किंवा भिंतीच्या मोकळ्या गोठ्यात, जाळीपासून दोन फूट आत, नाकाच्या उंचीवर म्हणजे १५ आणि २० इंचांवर दोन तारा ओढा. वरची करंटची, खालची अर्थची. तारेला पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधा म्हणजे शेळी चौकसपणे हुंगायला येईल. जमिनीवर पाणी मारा. व्होल्टेज ६,००० च्या वर ठेवा. पोट भरलेल्या शेळ्या सकाळी आत सोडा, हाकलू नका, कुत्रं जवळ नको. शेळी उसळली तरी पुढे जाळी असल्याने बाहेर जात नाही आणि शिकते. दोन-तीन दिवस पुरतात. प्रत्येक शेळीने एकदा तरी झटका खाल्ला का ते बघा. न खाल्लेली एकच शेळी बाकीच्यांना वाट दाखवते. बाजारातून आणलेली प्रत्येक नवी शेळी याच वाटेने आत घ्यायची.

तुमच्या शेळ्या आता तारेतून जायला शिकल्या आहेत. नवं कुंपण पूर्ण होईपर्यंत, साधारण दोन आठवडे, त्यांना जुन्या तारेजवळ सोडूच नका. इतकं करूनही एखादी जातच राहिली तर ती कळपातून वेगळी करा किंवा विका. तिच्यामागे बाकीच्या २९ बिघडतात.

आतला चारा संपला की कोणतंही कुंपण तपासलं जातं. एकराचे ८ भाग करा, मधे रिळावरच्या पॉलीवायरच्या (बारीक तारा विणलेली प्लास्टिकची दोरी) तीन तारा, आणि एका भागात ४ दिवसांहून जास्त ठेवू नका. पावसाळ्यात याचा दुसरा फायदा मोठा आहे: लेंड्यांतून पडलेल्या जंताच्या अंड्यांतून गवतावर चढणारी अळी तयार व्हायला उबदार ओलाव्यात साधारण ४ ते ७ दिवस लागतात, तोवर कळप पुढे गेलेला असतो. ८ भागांत ३२ दिवसांनी पुन्हा तिथे फेरा येतो. यासाठी विकत मिळणारी विजेची जाळी शिंगाच्या शेळ्यांना घेऊ नका. शिंग अडकतं, दर सेकंदाला ठोका बसत राहतो, आणि शेळी मरते.

गवत हा पावसाळ्यातला मुख्य त्रास. ओलं पातं तारेला लागलं की तिथून थोडा करंट जमिनीत जातो, आणि अशी हजार पाती झाली की ७,००० चे २,००० होतात. तारेखाली ३ फूट रुंद पट्टा साफ ठेवा, शक्य असेल तर त्यावर मुरूम दाबून घ्या. जून ते सप्टेंबर दर १२-१५ दिवसांनी ग्रास कटर फिरवा. सगळ्यात खालची तार वेगळ्या कट-ऑफ स्विचवर घ्या. कापणी लांबली तर तेवढी बंद ठेवून वरच्या तारा जिवंत ठेवता येतात. ओघळावरून जाणाऱ्या खालच्या तारेलाही असाच स्विच हवा.

बिघाड शोधताना चालत सुटू नका. आधी तार मशीनपासून सोडवून मशीनचंच व्होल्टेज मोजा. ते ठीक असेल तर कुंपणाच्या मध्यावर लावलेल्या स्विचने अर्धं कुंपण तोडा. व्होल्टेज परत आलं तर दोष तुटलेल्या अर्ध्यात, नाही आलं तर उरलेल्यात. मग त्याचं पुन्हा अर्धं. असे तीन-चार स्विच असतील तर दहा मिनिटांत जागा सापडते. अंधारात टिकटिक आणि निळी ठिणगी दिसते, म्हणून फुटलेला इन्सुलेटर रात्री लवकर मिळतो. फक्त पहाटे व्होल्टेज पडत असेल तर इन्सुलेटर किंवा गवत. दिवसभर सावकाश पडत असेल तर बॅटरी. व्होल्टेज उत्तम आणि शेळी बेफिकीर असेल तर अर्थिंग.

वळवाच्या दिवसांत, एप्रिल ते जून, ढग लांब असतानाच मशीनच्या दोन्ही तारा, कुंपणाची आणि अर्थची, काढून ठेवा. कडकडाट सुरू झाल्यावर हात लावू नका. लायटनिंग अरेस्टर (आकाशातली वीज जमिनीत उतरवणारं साधन) लावलात तर त्याला स्वतंत्र अर्थ रॉड द्या. विजेच्या खांबाला कुंपण बांधू नका, लाइनखालून न्यावंच लागलं तर काटकोनात न्या. वाटेच्या बाजूने पिवळ्या पाट्या लावा, किमान १० × २० सें.मी., काळी अक्षरं १ इंच उंच. शेजाऱ्याचं झटका कुंपण असेल तर दोन्हींत ८ फुटांहून जास्त अंतर हवं, नाहीतर कुणाला दोन्ही मशीनचा झटका एकदम बसू शकतो.

बिबट्याच्या भागात रात्री शेळ्या या कुंपणात ठेवू नका. कुंपण भटकी कुत्री बऱ्यापैकी थोपवतं, पण बिबट्या ४० इंच सहज ओलांडतो. रात्री छप्पर आणि जाळी असलेला बंद गोठाच हवा. आणि कोकणात किंवा जंगलाला लागून शेत असेल तर शेळ्या गोठ्यात गेल्यावर खालची तार स्विचने बंद करा. खवल्या मांजराला झटका बसला की ते पळत नाही, तारेभोवतीच अंग वळून घेतं आणि ठोके खात मरतं. दक्षिण आफ्रिकेत अशा खालच्या तारांनी खवल्या मांजरं आणि कासवं मेली आहेत. रात्री त्या तारेची तुम्हाला गरजही नसते.